ग्लुकोज रेल्वेने पाठवायचंय? मग वाघीण सगळ्यात शेवटी बघा

नरडाण्याजवळच्या एका तरुण कारखानदाराचा प्रश्न आहे. मक्यापासून लिक्विड ग्लुकोज करतात. महिन्याला दोनशे टनांच्या आसपास माल कोलकात्याकडच्या बिस्किट-गोळ्यांच्या कारखान्यांना जातो, आणि तो सगळा रोड टँकरने. रेल्वेवर चढवता-उतरवता येणाऱ्या टाक्यांतून द्रव माल जातो हे त्यांनी ऐकलंय. त्यांचं विचारणं असं: यासाठी कुठली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, मागायची? रेल्वेच्या नेहमीच्या टँकर वाघिणीपेक्षा यात वेगळं काय? आणि येताना त्याच टाकीत कॉस्टिक लाय (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) भरून आणली तर रिकाम्या फेरीचं भाडं वाचेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात नुकसान मोठं आहे. नाही. ज्या टाकीतून माणसाच्या पोटात जाणारा माल न्यायचा, तिच्यात कॉस्टिक घालायचं नाही. धुऊन घेऊ, वाफ मारू, असं म्हणू नका. झाकणाच्या गॅस्केटमध्ये, खालच्या व्हॉल्व्हच्या सीटमध्ये आधीच्या मालाचा अंश राहतो. तुमचं गिऱ्हाईक गेटवरच विचारेल की आधीचे तीन माल कोणते होते, कागद दाखवा. त्या कागदावर कॉस्टिक दिसलं की गाडी परत. परतीचा माल हवाच असेल तर तो खाण्याचाच शोधा. खाद्यतेल घ्या, आणि तेही मधे टाकी नीट धुऊन, धुतल्याचा दाखला घेऊन. आपल्या खान्देशात तेलाचा धंदा जुना आहे. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. सरकी आणि तेल यांच्या व्यापाऱ्यांत चार ओळखी काढल्या तर परतीचा माल मिळणं अशक्य नाही. नाहीच मिळाला तर रिकामी फेरी हिशोबात धरूनच दर काढा.

आता वाघिणीकडे येतो. भुसावळ यार्डात वाघिणी तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आणि त्यानंतरची दहा-अकरा वर्षं आयएसओ टँकच्या, म्हणजे कंटेनरसारख्या चढवता-उतरवता येणाऱ्या याच टाक्यांच्या, कामात. इतक्या वर्षांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. लोक वाघीण आधी विचारतात, टाकी नंतर, आणि आपला माल किती जड आहे हे सगळ्यात शेवटी. क्रम उलटा पाहिजे. आधी माल, मग टाकी, मग वाघीण. असं का, ते वजनाच्या हिशोबात दाखवतो.

त्याआधी दोन प्रकारच्या वाघिणींतला फरक सांगतो. मनमाडजवळ पानेवाडीला किंवा अकोल्याजवळ गायगावला पेट्रोल-डिझेलच्या डेपोत ज्या लांबलचक गोल वाघिणी लागतात, त्या बीटीपीएन. त्यांची टाकी वाघिणीलाच पक्की बसवलेली असते. एका वाघिणीत सुमारे ७० किलोलिटर माल मावतो आणि पन्नासच्या आसपास वाघिणींचा रेक, म्हणजे अख्खी गाडी, एकदम लागतो. ज्याच्याकडे स्वतःची साइडिंग, म्हणजे आवारात येणारा रूळ, आहे, पंप-पाइपची गॅन्ट्री आहे, साडेतीन हजार किलोलिटर एका झटक्यात उतरवून घ्यायला टाक्या आहेत, त्याच्यासाठी ही व्यवस्था उत्तम. पण तुमचा महिन्याचा सगळा माल धरला तरी अशा चार वाघिणी भरत नाहीत. शिवाय टाकी वाघिणीलाच जोडलेली, म्हणजे माल उतरेपर्यंत वाघीण अडकणार आणि डेमरेज, म्हणजे वाघीण अडकवल्याचा दंड, तुमच्या डोक्यावर. त्यातून ग्लुकोज गरम ठेवायला लागतं आणि बीटीपीएन त्यासाठी बनलेलीच नाही.

आयएसओ टँकचं तसं नाही. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, साडेआठ फूट उंच असा लोखंडी सांगाडा आणि त्यात आडवी बसवलेली स्टेनलेस स्टीलची टाकी. आठही कोपऱ्यांना कॉर्नर कास्टिंगचे ठोकळे असतात. बाहेरून तो वीस फुटी कंटेनरच, म्हणून कंटेनर जिथे बसतो तिथे तो बसतो: ट्रेलरवर, जहाजावर, रेल्वेच्या फ्लॅट वाघिणीवर. टाकी ट्रेलरवरून तुमच्या कारखान्यात येते, तिथेच भरते, कंटेनर टर्मिनलवर जाऊन वाघिणीवर चढते. वाघीण तुमच्या दारात उभी राहत नाही. तिकडे पोहोचल्यावरही टाकी उतरते आणि वाघीण मोकळी होऊन पुढच्या कामाला जाते. लहान कारखानदाराला रेल्वे परवडते ती एवढ्याचसाठी.

ही फ्लॅट वाघीण म्हणजे बीएलसी. पाच-पाच वाघिणींचं एक युनिट असतं. दोन टोकांना बीएलसीए आणि मधे तीन बीएलसीबी. युनिटच्या आत दोन वाघिणी जोडणारं नेहमीचं कपलर नसतं, ताठ ड्रॉबार असतो, त्यात ढील नसते. अशी नऊ युनिटं मिळून ४५ वाघिणींचा रेक होतो आणि त्यावर वीस फुटी ९० कंटेनर बसतात. द्रव मालाला या ड्रॉबारचा मोठा फायदा आहे. साध्या मालगाडीत ड्रायव्हरने ब्रेक लावला की कपलरची ढील एकापाठोपाठ एक आवळली जाते आणि ‘धाड धाड धाड’ असा आवाज गार्डच्या डब्यापर्यंत जातो. प्रत्येक ‘धाड’ला टाकीतला माल पुढच्या भिंतीवर आदळतो. बीएलसीच्या युनिटमध्ये हे हिसके खूपच कमी होतात.

दुसरं म्हणजे तिचा तळ बसका आहे. साध्या वाघिणीचं चाक १००० मिलिमीटरचं असतं, हिचं ८४०. रुळापासून तळाची उंची १००९ मिलिमीटर. वर साडेआठ फुटी टाकी ठेवली तरी एकूण उंची ३.६ मीटर. २०२१च्या एप्रिलमध्ये ऑक्सिजन एक्सप्रेस निघाली तेव्हा या उंचीचं महत्त्व सगळ्यांना कळलं. घाईची वेळ होती म्हणून रस्त्यावरचे टँकरच चाकांसकट फ्लॅट वाघिणींवर चढवले. ३३२० मिलिमीटरचा टँकर आणि त्याखाली १२९० मिलिमीटरची वाघीण, म्हणजे ४.६ मीटरच्या वर. घाटात आणि पुलांखाली एवढी उंची अडते. म्हणून कळंबोलीहून विशाखापट्टणमला निघालेली ती पहिली रिकामी गाडी वसई, सुरत करून आपल्या तापीकाठच्या मार्गाने जळगाव-भुसावळला आली आणि पुढे नागपूरला गेली. नंतरच्या गाड्यांमध्ये आयएसओ टँकही आले. त्यात ट्रकचं बिनकामाचं वजन वाहायचं नाही आणि उंचीचीही कटकट नाही. तो सगळा महिना मी टर्मिनलच्या लोकांना फोनवर कोपऱ्यांचं लॉकिंग समजावण्यात घालवला. आयुष्यातलं सगळ्यात मोलाचं काम मी तेच मानतो.

आता वजन. वही-पेन घेऊन बसा.

बीएलसीची वाहण्याची क्षमता ६१ टन. तिच्यावर दोन टाक्या बसतात, म्हणजे एकीच्या वाट्याला साडेतीस टन, टाकीच्या स्वतःच्या वजनासकट. आजकाल बऱ्याच टाक्यांच्या पाटीवर कमाल वजन ३६ टन लिहिलेलं असतं. पाटी वाचून माणूस खूश होतो आणि ३६ टनांपर्यंत भरतो. ती टाकी ३६ टन सोसते हे खरंच आहे, पण दोन टाक्यांचे ७२ टन वाघीण सोसत नाही. मग टर्मिनलवाला म्हणतो, एका वाघिणीवर एकच ठेवू, किंवा थोडा माल काढा. एका वाघिणीवर एक म्हणजे तुमचं भाडं गेलंच. आणि भरलेल्या टाकीतून टर्मिनलवर ग्लुकोज काढायचं कसं आणि कशात?

काही जण शक्कल लढवतात. एका बाजूला ३६ ठेवू, दुसऱ्या बाजूला २५, बेरीज ६१. हेही चालत नाही. जड टोकाखालच्या बोगीवर, म्हणजे चाकांच्या गाड्यावर, तिच्या वाट्यापेक्षा जास्त भार येतो. एका ॲक्सलला २०.३२ टनांची मर्यादा आहे आणि ती प्रत्येक ॲक्सलला वेगवेगळी लागू होते, सगळ्यांची सरासरी काढून नाही.

तेव्हा साडेतीस टन धरून उलटं मोजा. इन्सुलेशन आणि वाफेच्या नळ्या असलेली टाकी रिकामी असताना सुमारे ३.८ टनांची असते. मालाला उरले साधारण २६.७ टन. तुमच्या गरम ग्लुकोजची घनता १.४ धरली तर हे झाले १९,००० लिटर. महिन्याचे दोनशे टन म्हणजे सात-आठ टाक्या, म्हणजे चार वाघिणी.

हे १९,००० लिटर २४,००० लिटरच्या टाकीत ओतले तर ती ७९ टक्के भरते. २१,००० लिटरच्या टाकीत ओतले तर ९० टक्क्यांच्या वर. टाकी कुठली घ्यायची ते इथे ठरतं. धोकादायक द्रवांच्या टाकी कंटेनरना जगभर नियम आहे की भरणा २० ते ८० टक्क्यांच्या मधे नको. टाकीच्या आत आडव्या लाटरोधक पाट्या असून एकेका कप्प्यात ७,५०० लिटरपेक्षा जास्त माल मावत नसेल तरच सूट. कारण साधं आहे. पाण्याची घागर काठोकाठ भरली तर डोक्यावर स्थिर राहते, अर्धी भरली तर हिंदकळते. टाकीत हिंदकळतात ते वीस-पंचवीस टन.

ग्लुकोज धोकादायक मालात मोडत नाही, आणि ते इतकं घट्ट असतं की त्याची लाट फारशी उठत नाही. अतिघट्ट द्रवांना या ८० टक्क्यांच्या नियमातच सूट आहे. म्हणून ७९ टक्क्यांवर तुमची गाडी उलटेल असं मी म्हणत नाही. तरीही २१,००० लिटरचीच टाकी मागा. मोठ्या टाकीत पाचवा हिस्सा रिकामा राहतो. आणि माल गरम असताना तो तितका घट्टही नसतो. ट्रेलर नरडाण्याहून मुंबई-आग्रा हायवेला लागून गोल वळसा घेईल तेव्हा हा फरक जाणवतो.

कॉस्टिकचा हिशोब केला तर नियम का आहे ते दिसेल. ४८ टक्क्यांच्या लायची घनता दीडच्या आसपास. २६.७ टन म्हणजे जेमतेम १७,८०० लिटर. २४,००० च्या टाकीत हे ७४ टक्के. लाय तर ग्लुकोजसारखी घट्टही नाही, सळसळती, आणि अंगावर उडाली तर कातडी सोलते. अशा मालाला लहान टाकी घेणं किंवा आत पाट्या असलेली घेणं यात निवड राहतच नाही. तुमची लाय येते ती गुजरातमधून, उकई-सुरतच्या पलीकडून. इतक्या जवळच्या मालासाठी दोनदा क्रेन, दोनदा ट्रेलर आणि वर रेल्वे, असा खटाटोप करू नका. रस्त्यानेच आणा. माझा अनुभव असा की पाचशे-सहाशे किलोमीटरच्या आत टाकी रेल्वेवर चढवणं क्वचितच परवडतं. भुसावळ-कोलकाता दीड हजार किलोमीटरच्या आसपास आहे, तिथे हिशोब जमतो.

हलक्या मालाचं उलटं. शहादा-मुक्ताईनगरकडच्या साखर पट्ट्यातल्या कोणी हे वाचलं तर इथेनॉलसाठी म्हणून सांगतो. तिथे वजन अडत नाही, फुगणं अडतं. इथेनॉल एका अंशाला हजारात सुमारे १.१ भाग फुगतं. सकाळी २५ अंशांवर भरलं आणि आतला माल ५० अंशांपर्यंत तापू शकतो असं धरलं, तर नियमाच्या सूत्राने ९४.४ टक्क्यांच्या वर भरता येत नाही. २४,००० लिटरच्या टाकीत २२,६५० लिटर. मे महिन्यात भुसावळच्या यार्डात दुपारी रुळाला हात लावून बघा, ५० अंश कुठून आले ते विचारावं लागणार नाही.

तुमच्या मालाला ऊन नाही, थंडी त्रास देते. ग्लुकोज साठ अंशांच्या आसपास भरलं तर ऊब धरणाऱ्या चांगल्या अस्तराच्या (इन्सुलेशनच्या) टाकीत दिवसाला एखाद-दुसरा अंश उतरतो. आठ-दहा दिवसांनी कोलकात्याला पोहोचेल तेव्हा ते अजून पंपाला येण्यासारखं असलं पाहिजे. अस्तर फाटलेलं असेल, बाहेरचा पत्रा चेपलेला असेल, तर हिवाळ्यात माल तळाशी घट्ट बसतो. मग गिऱ्हाईक वाफ लावतं. टाकीच्या पोटाला बाहेरून वाफेच्या नळ्या असतात, त्यात जास्त दाबाची वाफ सोडली की नळीलगतचं ग्लुकोज आधी पिवळं आणि मग तांबूस होतं. रंग बिघडला की दर बिघडला. म्हणून गिऱ्हाइकाला आधीच लिहून द्या: गरम पाणी किंवा कमी दाबाची वाफ, आणि हळूहळू, रात्रभर. घाईने तासाभरात नाही.

टाकी भाड्याने घेताना तिची पाटी स्वतः वाचा, दलालाच्या फोटोवर जाऊ नका. पाटीवर शेवटच्या तपासणीचा महिना-वर्ष ठोकलेलं असतं. पाण्याच्या दाबाची चाचणी पाच वर्षांनी, आणि मधे अडीच वर्षांनी गळतीची. तारीख उलटलेली टाकी कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. खाली माल काढायच्या तोंडाशी तीन बंदोबस्त असतात: आतला फूट व्हॉल्व्ह, बाहेरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह आणि शेवटी फिरकीचं टोपण. तिन्ही स्वतः उघडून-बंद करून बघा. टोपणाची साखळी तुटून टोपण हरवलेलं असणं हे नेहमीचं आहे, आणि ‘दोन तर आहेत ना’ असं उत्तर हमखास मिळतं. तिसरं लावून घेतल्याशिवाय टाकी गेटच्या आत घेऊ नका.

फ्लेक्सिटँकबद्दल, म्हणजे साध्या कंटेनरात पसरलेल्या मोठ्या पिशवीबद्दल, तुम्हाला कोणीतरी सांगेलच. स्वस्त पडते, परत आणावी लागत नाही, हे खरं. पण गरम आणि जड माल, वर रेल्वेचे हिसके. मी तुमचं ग्लुकोज तिच्यात घालणार नाही.

वाघिणीवर टाकी बसवताना काय बघायचं, ते एका रात्रीवरून सांगतो. थंडीचे दिवस, पहाटेचे दोन-अडीच. टाक्यांचा रेक निघायच्या तयारीत होता, कागद झालेले होते. मी नेहमीप्रमाणे बॅटरी घेऊन प्रत्येक कोपरा बघत चाललो होतो. बीएलसीवर ऑटोमॅटिक ट्विस्ट लॉक असतात. टाकी वरून खाली येते, तिच्या वजनानेच लॉकचं डोकं कॉर्नर कास्टिंगच्या लांबट भोकात शिरतं आणि अडकतं. वरून बघितलं तर सगळं बसल्यासारखंच दिसतं. एका टाकीच्या कोपऱ्याशी मी वाकलो आणि पलीकडून साथीदाराला उजेड पाडायला सांगितलं. टाकीचा ठोकळा आणि वाघिणीचा तळ यांच्या फटीतून त्याचा उजेड मला दिसला. करंगळी जाईल एवढी फट. बाकीचे तीन कोपरे घट्ट. टाकी पुन्हा उचलायला लावली. भोकात लिंबाएवढा खडीचा दगड अडकलेला होता. आधी ती टाकी कुठेतरी खडीवर टेकवली असणार. टर्मिनलवाले म्हणत होते, साहेब, तीस टनांची वस्तू आहे, जाते कुठे? पण तीन कोपऱ्यांवर उभी असलेली, आत द्रव हिंदकळणारी वस्तू वळणावर, क्रॉसिंगवर, ब्रेकवर प्रत्येक वेळी त्या चौथ्या कोपऱ्यावर डोलते. दगड काढला, पुन्हा बसवली, पुन्हा उजेड धरला. फट नाही. गाडी चाळीस मिनिटं उशिरा सुटली, त्यावरून मला खुलासा द्यावा लागला आणि मी तो दिला. तुमचा माणूस टर्मिनलवर जाणार असेल तर त्याच्या खिशात बॅटरी द्या आणि त्याला ही पलीकडून उजेड धरायची रीत शिकवा.

उचलण्याच्या यंत्राचंही आधी विचारून घ्या. भरलेली टाकी रीच स्टॅकरने (कंटेनर उचलणाऱ्या चाकांच्या यंत्राने) वरच्या चार कोपऱ्यांना स्प्रेडर, म्हणजे उचलण्याची चौकट, लावूनच उचलायची. फोर्कलिफ्टचे काटे तिच्या पोटाखाली घालायचे नाहीत, तिला तशा खाचा नसतात. क्रेनला चार साखळ्या लावून तिरकं उचलायचं नाही, सांगाडा आत पिळतो. जे टर्मिनल ‘आमच्याकडे क्रेन आहे, करू काहीतरी’ म्हणतं ते टर्मिनल तुमचं नाही. थोडं लांब पडलं तरी तीस टन सरळ उचलणारं यंत्र जिथे आहे तिथेच जा. नरडाण्याहून उधना-जळगाव मार्ग तुमच्या दारावरून जातो हे खरं. मार्ग दुहेरी झाला, वर तार आली, कंटेनरच्या गाड्या रोज डोळ्यांसमोरून जातात. पण तुमच्या आठ टाक्यांसाठी ती गाडी मधे थांबणार नाही. ट्रेलरचं भाडं धरूनच चला.

आणि ती तार. हे मी ठळक सांगतो, कारण यात माणूस जातो. वर २५,००० व्होल्टची तार असते, रुळापासून साधारण साडेपाच मीटरवर. वाघिणीवरच्या टाकीचा माथा ३.६ मीटरवर. त्यावर साडेपाच फुटांचा माणूस उभा राहिला तर त्याचं डोकं तारेपासून वीत-दीड वीत राहतं. आणि या विजेला शिवायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ती उडी मारते. दोन मीटरच्या आत कोणी जायचंच नाही असा नियम आहे, म्हणजे टाकीवर चढणं मुळातच बंद. तरी टाकीला मागे शिडी असते, वर चालायला जाळी असते, त्यामुळे माणूस सहज चढतो.

एका कंपनीचा पोरगा, विशीतला, यार्डात सॅम्पल घ्यायला आला होता. खांद्याला पिशवी, पिशवीत काचेची बाटली. त्याला त्याच्या साहेबाने सांगितलं होतं की गाडी थांबली आहे तोवर झाकण उघडून अर्धा लिटर काढून घे. मी तीन वाघिणी अलीकडे होतो. बघितलं तर तो शिडीच्या चौथ्या पायरीवर. ओरडलो तर तो घाबरून अजून वर जाईल की काय, म्हणून पळत गेलो आणि त्याच्या पोटरीला दोन्ही हातांनी धरलं. म्हटलं, ‘भाऊ, खाली बघ, माझ्याकडे बघ, आता एक पाय खाली ठेव.’ उतरला तेव्हा वर काय आहे हे मी त्याला दाखवलं. तो मटकन खडीवर बसला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून तुमच्या कराराच्या कागदातच लिहा की सॅम्पल कारखान्यात भरतानाच काढून सील करायचं आणि टाकी रेल्वेच्या हद्दीत असताना झाकणाचं सील कोणी तोडायचं नाही.

पैशाचं थोडक्यात सांगतो. तुम्हाला रेक मागायचा नाही, वाघीणही मागायची नाही. कंटेनर गाड्या चालवणाऱ्या कंपन्या आहेत. सरकारी कॉनकॉर १९८८ पासून आहे, आणि २००६ नंतर खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. गाडी त्यांची, रेल्वेला हॉलेज, म्हणजे गाडी ओढण्याचं भाडं, ते भरतात, तुम्हाला टाकीमागे दर देतात. तो हॉलेज वजनाच्या टप्प्यांवर आणि अंतरावर ठरतो. म्हणून दर विचारताना ‘भरलेल्या टाकीचं एकूण वजन अमुक’ असं सांगून विचारा आणि टप्पा कुठे बदलतो तेही विचारा. टप्प्याच्या काठावर दोनशे किलो जास्त भरले तर पुढच्या टप्प्याचा दर लागतो, आणि त्या दोनशे किलोंचा नफा त्यात बुडतो. रिकाम्या टाकीच्या परतीचा दर वेगळा लिहून घ्या. टर्मिनलवर किती दिवस फुकट ठेवता येईल आणि पुढे दिवसाला किती, हेही. आणि टाकीचं भाडं रोजावर चालू असतं. कोलकात्याला गिऱ्हाइकाने ‘माझी टाकी भरलेली आहे, चार दिवस थांबा’ म्हटलं तर ते चार दिवस कुणाच्या खिशातून, हे विक्रीच्या करारातच ठरवा.

पहिल्या खेपेला दोनच टाक्या पाठवा, एका वाघिणीच्या. आणि तुमचा माणूस त्यांच्या आधी कोलकात्याला पोहोचू द्या. त्याच्यासोबत झाकणाचं एक नवं गॅस्केट आणि खालच्या तोंडाला बसेल असं कपलिंग द्या. गिऱ्हाइकाच्या होजचं तोंड आणि टाकीचं तोंड जुळत नाही म्हणून ट्रेलर अख्खा दिवस उभे राहिलेले मी बघितले आहेत. त्याला एक गोष्ट पाठ करून पाठवा: पंप सुरू करायच्या आधी वरचं झाकण किंवा हवेचा व्हॉल्व्ह उघडायचा, आणि तोही टाकी गिऱ्हाइकाच्या आवारात, तारेपासून लांब उभी असताना. सगळं बंद ठेवून खालून माल ओढला तर आत पोकळी होते आणि टाकी आत ओढली जाते. वाफेने धुऊन लगेच झाकण लावलं तरी तेच होतं. आत वाफ थंड होऊन पाणी होते आणि बाहेरची हवा स्टीलला दाबते. एका धुलाईच्या ठिकाणी मी अशी टाकी बघितली, मधोमध चिरडलेल्या पत्र्याच्या डब्यासारखी. धुणारा म्हणत होता, मी तर हातही लावला नाही. खरंच लावला नव्हता. झाकण लावून चहाला गेला होता.

पाटीचा आणि व्हॉल्व्हचा फोटो घेऊन ठेवा, टाकीचा नंबर आणि घेण्याआधीचे तीन माल लिहून ठेवा, आणि मग दर घ्यायला बसा. वाघीण कंपनीवाला देईल.